शिंदे, ताराबाई

शिंदे, ताराबाई : (सु. १८५०–सु. १९१०). एकोणिसाव्या शतकातील मराठी निबंधकार. स्त्रीपुरुषतुलना (१८८२) ह्या एकाच ग्रंथावर त्यांची कीर्ती उभी आहे. स्त्रियांच्या दुःखाची कैफियत मांडण्यावर न थांबता, स्त्रीला दोषी ठरविणाऱ्या धर्मवचनांची, पुराणकथांची, नाटक-कादंबऱ्यांची आणि वृत्तपत्रीय मतांची ग्रंथरूपाने झडती घेणाऱ्या त्या मराठीतील पहिल्या लेखिका होत. ‘आद्य स्त्रीवादी’ असा त्यांचा गौरव आता सर्वत्र केला जातो. तो यथार्थ असला, तरी त्यामुळे त्यांच्या लेखनाचे एक महत्त्वाचे अंग झाकोळले जाते. ताराबाई ह्या मुळात एक अत्यंत सावध वाचक होत्या. पुरुषांनी लिहिलेले वाङ्‌मय वाचून, त्यातील प्रत्येक विधानाला त्याच विधानाच्या मापाने तोलणे, ही त्यांची पद्धती होय. ग्रंथाच्या नावातील ‘तुलना’ हा शब्द त्या पद्धतीचाच निदर्शक आहे.

जीवन : ताराबाईंचा जन्म वऱ्हाडातील बुलढाणा येथील एका सुखवस्तू मराठा कुटुंबात झाला. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे तेथील उपायुक्तांच्या कचेरीत हेडक्लार्क होते. चार भावांत ताराबाई ही एकुलती एक मुलगी. मुलींसाठी शाळा नसल्यामुळे त्यांचे शिक्षण घरीच, वडिलांच्या देखरेखीखाली झाले. मराठी, संस्कृत व इंग्रजी ह्या भाषांचा त्यांना परिचय झाला. जोतीराव फुले ह्यांच्या सत्यशोधक चळवळीशी ह्या कुटुंबाचा संबंध होता. ताराबाईंचा विवाह लहान वयात झाला. त्यांचे पती घरजावई म्हणून शिंद्यांच्या घरीच राहावयास आले. त्यामुळे सासरच्या जाचापासून त्या मुक्त राहिल्या आणि वाचनलेखनास आवश्यक ती मोकळीक त्यांना मिळू शकली. त्यांना अपत्य नव्हते. मात्र घराबाहेरच्या जगात वावरण्याची मुभा त्या काळच्या मराठा घराण्यांतील स्त्रियांना नव्हती. ह्या कोंडीची जाणीव त्यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्पष्टपणे व्यक्त केली आहे. आपण चार भिंतींआड राहणारी स्त्री असून लेखनाचा हा आपला पहिलाच प्रयत्न आहे, असे त्या तेथे नमूद करतात. ही नम्रता औपचारिक असली, तरी तीत एक तथ्य आहे. सभा, संस्था, व्याख्यानपीठ, नियतकालिक ह्यांपैकी कशाचाही आधार ह्या लेखिकेला नव्हता. तिच्याजवळ होती ती घरात येणारी वर्तमानपत्रे, वाचलेल्या पोथ्या-पुस्तके आणि भोवतालच्या संसारांचे निरीक्षण एवढीच सामग्री.

लेखनाचे निमित्त : १८८१ मध्ये सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. विधवावस्थेत झालेले मूल लोकलज्जेस्तव मारून टाकल्याचा आरोप तिच्यावर होता. तिला फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. पुढे अपिलात ती शिक्षा सौम्य होऊन काळ्या पाण्याची झाली. ह्या खटल्याची चर्चा मुंबई इलाख्यातील वृत्तपत्रांतून झाली आणि पुणेवैभव सारख्या सनातनी पत्राने त्या निमित्ताने एकूण स्त्रीजातीच्याच नीतिमत्तेवर कोरडे ओढले. एका स्त्रीच्या अपराधावरून सर्व स्त्रियांना अपराधी ठरविणाऱ्या ह्या लेखनाने ताराबाई संतप्त झाल्या आणि स्त्रीपुरुषतुलना हा निबंध सिद्ध झाला. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात तो १८८२ मध्ये छापला गेला. प्रती ५०० आणि किंमत ९ आणे होती.

विधवांचा प्रश्न त्या काळी नवा नव्हता. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ मध्ये झाला होता. त्या पुढच्याच वर्षी बाबा पदमनजी ह्यांची यमुनापर्यटन ही विधवांच्या स्थितीवरील कादंबरी प्रसिद्ध झाली. फुले ह्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले होते. विष्णुशास्त्री पंडित ह्यांनी विधवाविवाहाची चळवळ चालविली होती आणि १८७० मध्ये पुण्यात त्यावर शंकराचार्यांसमोर जाहीर वादही झाला होता. परंतु हा वाद मुख्यतः शास्त्रार्थाचा होता. अमुक स्मृतिवचनाचा अर्थ काय, कलियुगात पुनर्विवाहास आधार आहे किंवा नाही, असे त्याचे स्वरूप होते. वादी व प्रतिवादी दोघेही पुरुष, आणि जिच्याविषयी वाद ती पडद्याआड. सावित्रीबाई फुले ह्यांची काव्यफुले (१८५४) आणि फुले ह्यांच्या शाळेतील मुक्ता ह्या मांग विद्यार्थिनीने लिहिलेला व ज्ञानोदयात १८५५ मध्ये छापला गेलेला निबंध, असे काही स्त्रीस्वर त्यापूर्वी उमटले होते. पण खुद्द वादाच्या रिंगणात उतरून प्रतिपक्षाला उत्तर मागणारी स्त्री ताराबाईंच्या रूपाने प्रथमच पुढे आली.

ग्रंथाचे स्वरूप : स्त्रीपुरुषतुलना हा आकाराने लहान, सु. ५० पानांचा निबंध आहे. प्रकरणे वा पोटमथळे त्यात नाहीत. एका दमात बोलावे तसा तो आरंभापासून अखेरपर्यंत वाहत जातो. स्त्रिया व पुरुष ह्यांत साहसी कोण, हे स्पष्ट करून दाखविणे हा आपला हेतू असल्याचे त्याच्या उपशीर्षकातच सांगितलेले आहे. ह्यातील ‘साहसी’ हा शब्द आजच्या वाचकाची दिशाभूल करण्याजोगा आहे. आज ‘साहस’ म्हणजे धाडस, पराक्रम. जुन्या धर्मशास्त्रीय व्यवहारात मात्र ‘साहस’ म्हणजे परिणामाचा वा मर्यादेचा विचार न करता केलेले दुष्कृत्य, बलात्काराने केलेला अपराध. स्त्रीच्या स्वभावसिद्ध दोषांची जी यादी संस्कृत सुभाषितांतून परंपरेने चालत आली, तीत असत्य व कपट ह्यांच्या जोडीला साहसही असतेच. ताराबाई हाच शब्द उचलतात आणि त्याची मालकी कोणाकडे, असा सवाल करतात. प्रतिपक्षाच्या कोशातला शब्द घेऊन त्याच्याच पदरात टाकण्याची ही रीत संपूर्ण निबंधात पुनःपुन्हा आढळते.

युक्तिवादाची पद्धती : निबंधाचा पाया एका साध्या तत्त्वावर रचलेला आहे. स्त्री व पुरुष ह्या दोघांना निर्माण करणारा ईश्वर एकच असेल, तर दोघांना लागू होणारा नियमही एकच असला पाहिजे. पती मेल्यावर स्त्रीने केशवपन करावे, अंगावरील अलंकार उतरवावे, मंगलकार्यात तोंड दाखवू नये, हे जर धर्म्य असेल, तर पत्नी मेल्यावर पुरुषालाही तेच लागू व्हावे. तो मात्र पहिलीचे दिवस होतात न होतात तोच दुसरी घरात आणण्याच्या उद्योगास लागतो. ही मुभा त्याला कोणत्या देवाने दिली, असे ताराबाई विचारतात. पतीला देव मानावे हा उपदेश त्यांना मुळातून अमान्य नाही. त्यांची मागणी एवढीच, की देव म्हणवून घेणाऱ्याने देवासारखे वागावे. सावित्रीची कथाही त्या अशीच उलटवून दाखवितात. सावित्रीने पतीसाठी यमाचा पाठलाग केला हे सर्वांना ठाऊक आहे. पण पत्नीच्या प्राणांसाठी त्या वाटेवर पाऊल टाकणारा एखादा पुरुष पुराणांत किंवा व्यवहारात कोणी पाहिला आहे काय? पातिव्रत्याचा गौरव करणारी ही कथा त्यांच्या हाती येताच पुरुषांच्या उणेपणाचा पुरावा होऊन बसते.

निबंधाचा बराच मोठा भाग एका प्रसिद्ध संस्कृत श्लोकाच्या परामर्शाने व्यापलेला आहे. संशयांचा भोवरा, उद्धटपणाचे घर, साहसांचे नगर, दोषांचा साठा, कपटांचे आगर, अविश्वासाचे क्षेत्र अशी विशेषणे त्या श्लोकात स्त्रीला लावलेली आहेत. ताराबाई ती एकेक करून घेतात. प्रत्येक दोष स्त्रीत आहे असे क्षणभर गृहीत धरतात, मग तोच दोष पुरुषात कोणत्या प्रमाणात आढळतो, ह्याचा हिशेब मांडतात. घरात बसलेल्या स्त्रीचे कपट ते केवढे आणि कोणाला बाधणारे? उलट खोटे दस्तऐवज करणारे, लाच खाणारे, जुगार व दारू ह्यांपायी संसार धुळीस मिळविणारे, खून व दरोडे घालणारे कोण? तुरुंगांत भरणा कोणाचा आहे? स्त्रीच्या अंगी दोष नाहीत, असा त्यांचा दावा नाही. दोष असतीलही, परंतु त्यांचे मूळ अज्ञान, बंदिवास व विजोड विवाह ह्यांत आहे आणि ह्या तिन्ही गोष्टी पुरुषांनी निर्माण केलेल्या आहेत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलीला पैशाच्या लोभाने म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधावयाचे आणि पुढे तिचे पाऊल वाकडे पडले, की स्त्रीजातीला नावे ठेवावयाची, ह्या न्यायातील विसंगती त्या उघडी करतात. वेश्यांविषयीचे त्यांचे विवेचनही ह्याच सूत्राने चालते. वेश्या आकाशातून पडत नाहीत, कोणी तरी फसवून घराबाहेर काढलेली आणि मग वाऱ्यावर सोडलेली स्त्री त्या मार्गाला लागते, हे त्या निःसंकोचपणे सांगतात. १८८२ मध्ये एका कुलीन घरातील स्त्रीने हा विषय छापील पानावर आणणे, ही सामान्य गोष्ट नव्हती.

पुराणांतील देव, ऋषी व राजे ह्यांच्या वर्तनाचीही त्या गय करीत नाहीत. अहल्या, कुंती, सत्यवती, द्रौपदी ह्यांच्या कथा स्त्रीधर्माचे दाखले म्हणून सांगितल्या जातात. त्याच कथांतील पुरुष कसे वागले, हे विचारण्याचा प्रघात नव्हता. ताराबाई तो प्रश्न विचारतात, आणि ज्या ग्रंथांतून हे वर्तन निर्वेधपणे चालते त्यांनी स्त्रीला मात्र कडक नियम घालून द्यावेत ह्यातील विपरीतपणावर बोट ठेवतात. धर्मग्रंथांचे कर्तृत्व पुरुषांकडे आहे आणि म्हणूनच त्यांतील नियमांचा कल पुरुषांकडे झुकला आहे, असा निष्कर्ष ह्यातून निघतो. तो त्यांनी तात्त्विक परिभाषेत मांडलेला नाही. पण वाचकाला तो टाळता येत नाही.

वाङ्‌मयसमीक्षा : स्त्रीपुरुषतुलनेतील सर्वांत दुर्लक्षित भाग समकालीन वाङ्‌मयाविषयीचा आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची मुक्तामाला व नारो सदाशिव रिसबूड ह्यांची मंजुघोषा ह्या त्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्या, मनोरमा हे नाटक, स्त्रीचरित्र ह्या नावाने खपणाऱ्या कथा, ह्यांचा त्या नावानिशी समाचार घेतात. ह्या आक्षेपाचा मथितार्थ असा, की पुरुष लेखक आपल्या कल्पनेतील स्त्री रंगवितो आणि मग तेच चित्र स्त्रीस्वभावाचा दाखला म्हणून पुढे केले जाते. साक्षीदार, वकील व न्यायाधीश ह्या तिन्ही भूमिका एकाच पक्षाकडे असाव्यात, तसा हा प्रकार आहे. मराठी कादंबरी तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांची होती. तिच्यातील अद्‌भुतरम्यतेवर टीका झाली, ती पुढे व प्रामुख्याने वास्तवाच्या अंगाने झाली. कादंबरीतील स्त्रीचित्रणामागे लेखकाचे पुरुषपण उभे असते, हा मुद्दा मराठी समीक्षेत पुन्हा ऐरणीवर यावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. ह्या दृष्टीने ताराबाईंना मराठीतील एका समीक्षादृष्टीच्या प्रवर्तक म्हणावयास हरकत नाही.

समकालीन समाजावरील टीका : परकी राजवटीत पुरुषांच्या आचारविचारांत झालेल्या बदलांकडे ताराबाई उपरोधाने पाहतात. पागोटे जाऊन टोपी आली, जोडा जाऊन बूट आला, खाण्यापिण्याचे निर्बंध सैल झाले. पुरुषांचा धर्म एवढा बदलूनही बुडाला नाही. मग स्त्रीने मात्र जुन्या धर्माचे ओझे तसेच का वाहावे? सनातन्यांइतकेच सुधारकही त्यांच्या तडाख्यातून सुटत नाहीत. सभा भरवावयाच्या, व्याख्याने झोडावयाची आणि स्वतःच्या घरातील विधवेचा प्रश्न आला, की पाय मागे घ्यावयाचा, ह्या वृत्तीची त्या निर्भर्त्सना करतात. इंग्रजी अमलात स्त्रियांना शिक्षणाची वाट मोकळी झाली ह्याबद्दल मात्र त्या समाधान व्यक्त करतात.

त्यांच्या विवेचनाचा आणखी एक विशेष म्हणजे विधवेचा प्रश्न केवळ ब्राह्मण जातीपुरता न ठेवता त्यांनी केलेला त्याचा विस्तार. पुनर्विवाहाची बंदी ब्राह्मणांप्रमाणेच प्रतिष्ठित मराठा घराण्यांतूनही पाळली जात होती आणि कुलाभिमानाच्या नावाखाली ती अधिकाधिक घट्ट होत होती. पुण्या-मुंबईच्या सुधारकांना ह्या दुसऱ्या बाजूची फारशी कल्पना नव्हती. ताराबाईंना ती घरच्या अनुभवाने होती. म्हणूनच त्यांच्या लेखनात एका जातीच्या रूढीपेक्षा एकूण स्त्रीजातीची अवस्था हा विषय केंद्रस्थानी आला.

भाषाशैली : ताराबाईंचे गद्य बोलीच्या अंगाने जाणारे आहे. त्या पुरुषवाचकाला समोर उभा करून प्रश्न विचारतात, त्याचे उत्तर स्वतःच कल्पितात, ते खोडून काढतात आणि त्याला पुन्हा नवा प्रश्न टाकतात. म्हणी, वाक्प्रचार, स्वयंपाकघरातील व शेतावरील दृष्टांत, मधूनच एखादा संस्कृत चरण, लगेच त्यावर तिरकस शेरा, अशी ही भाषा आहे. वाक्ये लांबतात, पण बैठक सुटत नाही, कारण त्यांमागे वाद घालणाऱ्या माणसाचा श्वास आहे. लिहिणाऱ्या स्त्रीने मवाळ व आर्जवी भाषा वापरावी, ही अपेक्षा त्या पूर्णपणे झुगारून देतात. त्यांचा राग हा शैलीचा दोष नसून तिचा प्राण आहे. मात्र तो राग आंधळा नाही. प्रत्येक आरोपापाठोपाठ दाखला येतो आणि प्रत्येक दाखल्यापाठोपाठ तुलना येते.

ज्या वर्षी हा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकर निवर्तले. त्यांच्या निबंधमालेचे (१८७४–८१) पर्व नुकतेच संपले होते. चिपळूणकरांनी मराठी निबंधाला जे वळण लावले, ते इंग्रजी निबंधाच्या धर्तीवरील प्रौढ, संस्कृतप्रचुर, भरदार वाक्यरचनेचे. हेच वळण पुढे निबंधाचा मानदंड ठरले. ताराबाईंचे गद्य ह्या मानदंडात बसणारे नव्हते. त्याचे नाते फुले ह्यांच्या रोखठोक गद्याशी आणि त्याहूनही अधिक, घरातील व पाणवठ्यावरील बायकांच्या बोलण्याशी होते. मराठी गद्याच्या इतिहासात ह्या ग्रंथाला दीर्घकाळ स्थान मिळाले नाही, ह्याचे एक कारण त्याचा विषय हे असले, तरी दुसरे कारण ही भाषाही आहे.

मर्यादा : ह्या ग्रंथाच्या काही मर्यादा स्पष्ट आहेत. त्याची मांडणी विस्कळित आहे. एकच मुद्दा अनेकदा येतो आणि काही विषयांतरे लांबतात. पातिव्रत्याचा आदर्श ताराबाईंनी नाकारलेला नाही. निबंधाच्या अखेरीस त्या स्त्रियांनाही शुद्ध आचरणाचा उपदेश करतात. त्यामुळे स्त्रीधर्माची चौकट त्या मोडत नाहीत, ती पुरुषालाही तेवढीच लागू करू पाहतात, असे म्हणावे लागते. अर्थार्जन, मालमत्ता व वारसाहक्क ह्या प्रश्नांची स्वतंत्र चर्चा त्यांत नाही. शेतात वा मजुरीवर राबणाऱ्या, पाट लावण्याची मोकळीक असलेल्या जातींतील स्त्रियांचे जीवन ह्या निबंधाच्या कडेलाच राहते. विजयालक्ष्मीच्या प्रकरणाने लेखनाला चालना दिली, तरी न्यायालय, कायदा व शिक्षा ह्यांची चिकित्साही त्या फार पुढे नेत नाहीत. तथापि ह्या मर्यादा सांगताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. एकाच मापाने दोघांना मोजा, ही मागणी वरवर चौकटीतील वाटली, तरी प्रत्यक्षात ती चौकट टिकू देत नाही. पुरुषाला पातिव्रत्याचा नियम लावताच त्या नियमाचे खरे स्वरूप उघडे पडते. ताराबाईंनी जे विधान केले नाही, ते त्यांच्या तुलनेने केले आहे.

समकालीन स्वागत : ग्रंथाचे स्वागत प्रतिकूल झाले. सनातनी पक्षाचा रोष अपेक्षितच होता. पण सत्यशोधक वर्तुळातही तो सर्वांना रुचला नाही. त्या वेळी जोतीराव फुले ह्यांनी जाहीरपणे ताराबाईंची बाजू घेतली. सत्सार ह्या आपल्या पुस्तिकेच्या दुसऱ्या अंकात (१८८५) त्यांनी स्त्रीपुरुषतुलनेचा आदराने उल्लेख केला, लेखिकेविषयी वडीलकीचा जिव्हाळा व्यक्त केला आणि तिच्यावर तोंडसुख घेणाऱ्यांना धारेवर धरले. त्यानंतर मात्र ग्रंथ विस्मृतीत गेला. ताराबाईंनी दुसरे पुस्तक लिहिले नाही. एवढ्या सामर्थ्याच्या लेखिकेने पहिल्याच ग्रंथानंतर मौन पत्करावे, ही मराठी वाङ्‌मयाची मोठी हानी होय. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी ह्यांची बालविवाह व सक्तीचे वैधव्य ह्यांवरील टिपणे निघाली, १८८५ मध्ये रखमाबाईंची पत्रे टाइम्स ऑफ इंडियात छापली गेली, १८८८ मध्ये आगरकरांचा सुधारक सुरू झाला आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने सारा महाराष्ट्र ढवळून निघाला. ताराबाईंचा निबंध ह्या सर्वांच्या आधीचा असूनही ह्या वादांत तो आधारग्रंथ म्हणून कोणी पुढे आणला नाही.

पुढे स. गं. मालशे ह्यांनी ह्या ग्रंथाचे संपादन करून १९७५ मध्ये, म्हणजे मूळ प्रकाशनानंतर ९३ वर्षांनी, तो पुन्हा प्रसिद्ध केला. ते वर्ष आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. त्यानंतर विलास खोले ह्यांचेही संपादन निघाले. सूझी थारू व के. ललिता ह्यांच्या भारतीय लेखिकांच्या इंग्रजी संकलनात (१९९१) त्यातील भाग समाविष्ट झाला आणि रोझलिंड ओहॅन्लन ह्यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद विस्तृत प्रस्तावनेसह १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे भारतीय स्त्रीविचाराच्या इतिहासात ह्या ग्रंथाला स्थान प्राप्त झाले.

तौलनिक दृष्टिक्षेप : ताराबाईंचे वेगळेपण दोन तुलनांनी स्पष्ट होते. १८८२ मध्येच पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली व स्त्रीधर्मनीति हा ग्रंथ लिहिला. दोन लेखिका, एक वर्ष आणि एकच विषय. पण रमाबाई स्त्रियांना उद्देशून लिहितात आणि त्यांनी आपली उन्नती कशी करावी ते सांगतात. ताराबाई पुरुषांना उद्देशून लिहितात आणि त्यांच्याकडून जबाब मागतात. रमाबाईंच्या त्या ग्रंथात उपदेश आहे, ताराबाईंच्या ग्रंथात उलटतपासणी आहे. रमाबाईंचा विचार पुढे प्रखर होत गेला आणि संस्थारूपाने फळास आला. ताराबाईंच्या वाट्याला असा विकास आला नाही. त्यांचा विचार एकाच उद्रेकात प्रकटला.

दुसरी तुलना दूरच्या देशातील आहे. दक्षिण अमेरिकेतील आद्य लेखिकांपैकी ब्राझीलच्या नीझ्या फ्लोरेस्ता (१८१०–८५) ह्यांनी वयाच्या विशीच्या आरंभी, १८३२ मध्ये, स्त्रियांचे हक्क व पुरुषांचा अन्याय ह्या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे रीओ दे जानेरो येथे मुलींसाठी शाळाही काढली. त्यांचा तो ग्रंथ मेरी वुल्स्टनक्राफ्ट ह्यांच्या ग्रंथाचा स्वैर अनुवाद म्हणून ओळखला जात असे. तो अठराव्या शतकातील दुसऱ्या एका इंग्रजी पुस्तिकेवर आधारलेला असल्याचे नंतरच्या संशोधनात दिसून आले. वसाहतीच्या छायेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशात यूरोपातील विचार आपल्या भाषेत आणणे हेच तेथे धाडसाचे कार्य होते. ताराबाईंच्या निबंधात मात्र वुल्स्टनक्राफ्ट किंवा मिल ह्यांच्या युक्तिवादाची छाया दिसत नाही. सुभाषिते, पुराणे, वर्तमानपत्रातील मजकूर आणि शेजारच्या घरातील विधवा, एवढ्याच सामग्रीतून त्यांनी आपला युक्तिवाद उभा केला. स्त्रियांच्या समतेचा विचार हा पश्चिमेकडून आलेला आहे, असे जे सरसकट सांगितले जाते, त्याला हा मराठी ग्रंथ एक सबळ अपवाद ठरतो.

मूल्यमापन : ताराबाईंचे महत्त्व ‘पहिली’ ह्या एका विशेषणात संपत नाही. पहिलेपण हा कालक्रमाचा योगायोग असू शकतो. त्यांचा ग्रंथ आजही वाचनीय राहिला आहे तो त्यातील पद्धतीमुळे. ज्या वचनांचा आधार घेऊन आपल्याला दोषी ठरविले जाते ती वचने कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली आणि लिहिणारा स्वतः त्या मापात उतरतो काय, हे तीन प्रश्न त्यांनी मराठी वाचकाच्या हाती दिले. हे प्रश्न स्त्रियांपुरते मर्यादित नाहीत. दुसऱ्याने लिहिलेल्या ग्रंथांनी ज्यांची किंमत ठरविली, अशा प्रत्येक समूहाला ते विचारावे लागतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीत दलित व स्त्रीवादी साहित्याने ते पुन्हा विचारले. त्यांच्या पूर्वपरंपरेत ह्या लहानशा निबंधाचे स्थान निश्चित आहे. मराठी निबंधाचा इतिहास केवळ निबंधमालेच्या वळणाने लिहिला, तर ताराबाईंना त्यात जागा उरत नाही. पण वाद, विनोद, उपरोध व अनुभव ह्यांना एकत्र बांधणारे सजीव गद्य म्हणजे निबंध, असे मानले, तर एकोणिसाव्या शतकातील अव्वल दर्जाच्या निबंधांत स्त्रीपुरुषतुलनेची गणना करावी लागते. तिच्या लेखिकेला उपेक्षित आद्य स्त्री म्हणून सहानुभूतीने स्मरणे पुरेसे नाही. ती एक समर्थ गद्यकार आहे आणि तिचे मूल्यमापन त्याच नात्याने व्हावयास हवे.